सहाचे बारा करा, पण गाडीचे बारा वाजवू नका

गणपतीला गावी गेलं की पेण-रोह्याकडच्या बऱ्याच घरांत एक गोष्ट हमखास घडते. मागच्या पडवीत ताडपत्रीखाली काहीतरी उभं असतं. ताडपत्री ओढली की आजोबांची चेतक निघते, काकांची येझदी निघते, नशीब फारच जोरावर असेल तर जुनी बुलेट. मग दोन दिवस कार्ब्युरेटर धुण्यात जातात, नवा प्लग बसतो, विसाव्या किकला निळा धूर निघतो आणि लगेच रील पडते. तिसऱ्या रात्री कुणीतरी ती गाडी नागोठण्याच्या रस्त्याला काढतं, हेडलाईट लावतं, आणि समोर उजेड पडतो तो काजव्याइतका.

तेवढ्यात सल्ला येतो, ‘सहा व्होल्टची आहे रे ती. बारा करून टाक, टकाटक होईल!’

सल्ला चुकीचा नाही. घोळ आहे तो त्या ‘करून टाक’मध्ये. बॅटरी बदलली की झालं, असं वाटून कामाला लागलेल्या कित्येक गाड्यांचा हॉर्न एक दिवस दणक्यात वाजतो आणि दुसऱ्या दिवशी कायमचा बसतो. त्यामुळे ताडपत्री काढायच्या आधी हे वाचा.

पहिलं काम पैसे न खर्चता होतं. गाडी खरंच सहा व्होल्टची आहे का, ते बघा. पाणी टाकायची बॅटरी असेल तर वरची झाकणं मोजा. लेड-अॅसिड बॅटरीचा एकेक खण साधारण दोन व्होल्टचा. तीन झाकणं असतील तर सहा, सहा असतील तर बारा. बॅटरी सीलबंद असेल किंवा नसेलच, तर हेडलाईटचा बल्ब काढून त्याच्या पितळी बुडावर काय कोरलंय ते वाचा. जुन्या बुलेट, जावा, येझदी, राजदूत, सुरुवातीच्या चेतक, लॅम्ब्रेटा यांत बहुतेक वेळा ‘6V’ सापडेल. नंतरच्या ‘इलेक्ट्रॉनिक’ चेतकमध्ये कंपनीनेच बारा व्होल्ट दिले होते. म्हणजे नाव एकच असलं तरी गाड्या दोन प्रकारच्या आहेत. दुकानात जाऊन नुसतं ‘चेतकचा बल्ब द्या’ म्हणालात, तर दुकानदार उलट प्रश्न विचारेल आणि तो विचारायलाच हवा.

भिऱ्याची वीज आणि चेतकची वायर

मास कॉमला आल्यावर माझं फिजिक्स सुटलं होतं. ते पुन्हा भेटलं ते या विषयात. आणि समजून घ्यायला उदाहरण रोह्याच्या उशाशीच आहे.

कुंडलिकेच्या काठाने वर गेलात की भिरा लागतं. मुळशीचं पाणी सह्याद्रीतून खाली उतरवून टाटांनी तिथे 1927मध्ये वीजघर सुरू केलं. कोलाडला राफ्टिंग करताना ज्या पाण्यावर आपण आरडाओरडा करतो, ते याच वीजघरातून सुटलेलं पाणी. तिथली वीज मुंबईकडे जाते ती लाखाच्या घरातल्या व्होल्टने. का? वीज तेवढीच पोचवायची असेल तर व्होल्ट वाढवले की अँपिअर कमी होतात, आणि तारेत उष्णता होऊन वाया जाते ती अँपिअरमुळे. अँपिअर निम्मे केले तर तारेतला तोटा निम्मा होत नाही, थेट पावपट होतो. रोहा स्टेशनात डोक्यावरून जाणारी 25 हजार व्होल्टची तारही याच हिशोबावर चालते.

आता हाच हिशोब चेतकला लावा. पंचवीस वॅटचा बल्ब सहा व्होल्टवर जळायला चार अँपिअरपेक्षा थोडा जास्त प्रवाह लागतो. बारा व्होल्टवर दोनच्या आसपास पुरतो. चाळीस वर्षांच्या गाडीत स्विच, जोड, गंजलेले स्क्रू असा सगळा मिळून समजा 0.2 ओहमचा अडथळा आहे. हा फार मोठा आकडा नाही. सहा व्होल्टच्या गाडीत तेवढ्यानेच जवळजवळ 0.8 व्होल्ट वाटेत गळतात आणि बल्बला मिळतात पाच-सव्वापाच. तारेच्या बल्बचा स्वभाव असा, की व्होल्ट थोडे घसरले तरी उजेड धाडकन पडतो. वाटेत सात-आठवा हिस्सा गळाला, तर उजेड साठ टक्क्यांवर येतो. तोच अडथळा बारा व्होल्टच्या गाडीत ठेवा. गळती 0.4 व्होल्टची होते, तीही बारातून, आणि उजेड नव्वद टक्क्यांच्या आसपास राहतो.

म्हणजे बारा व्होल्टने बल्बची ताकद वाढत नाही. पंचवीस वॅट ते पंचवीसच. फक्त ती वाटेत कमी सांडते. हे नीट डोक्यात बसलं की पुढच्या निम्म्या चुका आपोआप टळतात.

खारेपाटातला खरा चोर

यातून एक गोष्ट निघते आणि ती कुठलाही किट विकणारा तुम्हाला सांगणार नाही. तुमचा उजेड जातोय तो सहा व्होल्टमुळे, की गंजामुळे? पेणच्या पश्चिमेला खारेपाट आहे, खाडी आहे. हवेत मीठ, वरून चार महिने कोसळणारा पाऊस. तांब्याच्या तारेवर हिरवा चुरा धरतो, बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी बुरशी चढते, हेडलाईटच्या होल्डरमधली स्प्रिंग लाल होते. अशा गाडीला बारा व्होल्ट करणं म्हणजे गळक्या नळाला मोठी टाकी लावणं.

म्हणून साध्यातला साधा डिजिटल मल्टिमीटर घ्या. हेडलाईट लावा. मीटर डीसी व्होल्टवर ठेवून एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरी हेडलाईट होल्डरच्या अर्थला लावा. जोड चांगले असतील तर आकडा 0.1 ते 0.2च्या आत राहतो. अर्धा व्होल्ट दिसला, तर तुमचा चोर तिथेच बसलाय. मग पॉलिश पेपर घ्या, प्रत्येक जोड उघडा, घासा, घट्ट करा, वरून पेट्रोलियम जेली लावा. एवढं करून पुन्हा रात्री गाडी काढा. काही गाड्यांचं काम इथेच संपतं. (ज्या गाड्यांत दिवा बॅटरीवर नसून थेट इंजिनातल्या कॉइलवर जळतो, तिथे ही चाचणी अशी लागणार नाही. त्यांचा विषय पुढे येतोय.)

नव्या रिस्टोरेशनवाल्यांसाठी इथे एक खास सापळा आहे. हौसेने चेसिसला पावडर कोटिंग करून आणता. गाडी आरशासारखी चमकते आणि एकही दिवा लागत नाही. जुन्या गाडीत अर्थची वेगळी वायर क्वचितच असते, गाडीचा सांगाडाच अर्थ असतो. पावडर कोटिंग वीज वाहत नाही. जिथे अर्थचा बोल्ट बसतो तिथे चवलीएवढी जागा खरवडून उघडा पत्रा काढावाच लागतो, कितीही जिवावर आलं तरी. त्याहून बरं, कोटिंगच्या आधीच तेवढ्या जागेवर टेप लावायला सांगा.

वीज कुठून येते, त्यावर सगळं

साफसफाई झाली, तरीही उजेड कमी आहे किंवा सहा व्होल्टचे बल्ब मिळेनासे झालेत. मग बारा करायचे. पण आधी हे विचारा, की माझ्या गाडीत वीज तयार कोण करतं? उत्तर तीन प्रकारचं असतं आणि तिन्हींचा इलाज वेगळा.

जुन्या चेतकमध्ये पंख्याच्या आत चुंबक असलेलं चाक फिरतं आणि त्याच्या आतल्या कॉइलमध्ये वीज तयार होते. गॅरेजमध्ये या सगळ्याला सरसकट ‘मॅग्नेट’ म्हणतात. ठिणगीची कॉइल वेगळी, दिव्यांची वेगळी. हेडलाईट थेट त्या दिव्यांच्या कॉइलवर जळतो. म्हणूनच रेस दिली की उजेड वाढतो आणि चढावर, खड्ड्यात, गाडी संथ झाली की मंदावतो, म्हणजे नेमका हवा असतो तेव्हाच. आजोबांना विचारा, हेडलाईटचा बल्ब गेला की मागचा लाल दिवाही लगेच का जायचा? कारण व्होल्ट आवरणारं दुसरं कुणी नव्हतं, दिव्यांचा भारच त्याला आवर घालायचा. एक भार गेला की व्होल्ट उसळायचे आणि दुसरा बल्ब उडायचा. अशा गाडीत नुसती बारा व्होल्टची बॅटरी ठेवून काहीही होत नाही. कॉइलची प्लेट, चुंबकाचं चाक, रेग्युलेटर हा पूर्ण संच बारा व्होल्टचा घ्यावा लागतो. घेण्याआधी चाकाच्या मधलं निमुळतं भोक तुमच्या क्रँकशाफ्टच्या टोकावर चपखल बसतंय का, हे मोजून घ्या. ‘बसवतो, पत्र्याची पट्टी टाकतो’ असं कुणी म्हणालं तर सरळ घरी या. ते चाक मिनिटाला हजारो फेरे फिरतं.

जावाचं आणि येझदीचं घराणं वेगळं. फारुख इराणी यांच्या ‘आयडियल जावा’ने म्हैसुरात साठच्या दशकाच्या सुरुवातीला या गाड्या बनवायला घेतल्या, 1996मध्ये कारखाना बंद पडला, तरी चाहते काही आटले नाहीत. जुन्या 250 सीसी जावाचा डायनामो होता 6 व्होल्ट, 45 वॅटचा. आता बजेट मांडा. हेडलाईटला पंचवीस, मागच्या दिव्याला पाच, ठिणगीला दहा-पंधरा. संपलं! हॉर्न वाजवलात की उधारी बॅटरीवर. यावर बारा व्होल्टची बॅटरी ठेवून 60/55 वॅटचा हॅलोजन लावणं म्हणजे पंचेचाळीस रुपयांच्या कमाईत साठ रुपयांचं भाडं. व्होल्ट वाढले म्हणून वॅट वाढत नाहीत, वीज बनवणारं यंत्रच बदलावं लागतं. जावासाठी डायनामो काढून तिथे बारा व्होल्टचा अल्टरनेटर बसवायचे तयार संच चेक प्रजासत्ताकात, म्हणजे जावाच्या माहेरीच, अजून बनतात. स्वस्त नसतात, पण काम चोख होतं.

अल्टरनेटरवाल्या सहा व्होल्टच्या बुलेटची गोष्ट मात्र सोपी. कायमच्या चुंबकाचा अल्टरनेटर स्वतः सहाचा किंवा बाराचा नसतोच. फेरे वाढतील तसे त्याचे व्होल्ट वाढतात, बॅटरी आणि रेग्युलेटर त्याला कुठे धरून ठेवतात त्यावर ठरतं. जाणता ऑटो इलेक्ट्रिशियन स्टेटरची सगळी कॉइल जोडून घेतो, बारा व्होल्टचा रेग्युलेटर-रेक्टिफायर लावतो आणि तोच अल्टरनेटर बारा व्होल्टची बॅटरी भरायला लागतो. फक्त वायरी कापायच्या आधी त्या कशा जोडलेल्या होत्या, त्याचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. हे तुमच्या पिढीला सांगायची गरज पडू नये, तरीही.

वीज बनवणारा बदलला की खाणारे सगळे बदलायचे. सगळे म्हणजे सगळे. स्पीडोमीटरमधला इवलासा बल्बसुद्धा. सहाचा हॉर्न बारावर काही दिवस शंखासारखा वाजतो, मग त्याचं कॉइल जळतं. फ्लॅशर बाराचा हवा, आणि इंडिकेटर एलईडी केले तर फ्लॅशरही एलईडीचाच, नाहीतर ते टकटक-टकटक घाईने लुकलुकत राहतात. बॅटरीवर ठिणगी पाडणाऱ्या गाडीत इग्निशन कॉइल बाराचं घ्या. जुनं ठेवलंत तर त्यातून दुप्पट प्रवाह जातो आणि पॉइंट जळून काळे पडतात. मॅग्नेटवाल्या स्कूटरमध्ये ठिणगीचा संसार दिव्यांपासून वेगळा असतो, तिथे नुसत्या बॅटरीसाठी इग्निशनला हात लावायचं कारण नाही.

फ्यूजकडे कुणी बघत नाही, आणि मला सगळ्यात भीती वाटते ती त्याचीच. सिगारेटच्या पाकिटातला चांदीचा कागद गुंडाळून बसवलेला ‘फ्यूज’ जुन्या गाड्यांत आजही सापडतो. बारा व्होल्टवर तेवढ्याच वॅटला प्रवाह निम्मा लागतो, म्हणजे फ्यूजही लहान लागतो. जुनाच मोठा ठेवलात तर वायर तापून वितळेल, पण फ्यूज उडणार नाही. आणि ती वायर पेट्रोलच्या टाकीखालून जाते.

एक जुगाड सगळीकडे सांगितला जातो. सहाच्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडा, बारा होतात, आणि मधून एक वायर काढून जुना हॉर्न सहावरच चालवा. बारा होतात हे खरं. पण मधून वायर काढली की एकच बॅटरी हॉर्नचं ओझं वाहते आणि चार्जिंग मात्र दोघींना सारखंच मिळतं. एक उपाशी राहते, दुसरी गरजेपेक्षा जास्त भरली जाऊन उकळते. थोड्याच दिवसांत दोन्ही भंगारात.

आणि ट्रॅक्टर?

मोठी माणसं विचारतात, ‘आमच्या ट्रॅक्टरचंही असंच करता येईल का?’ जगात हे काम सगळ्यात जास्त गाजलंय ते ट्रॅक्टरवरच. अमेरिकेत 1947 ते 1952 या काळात बनलेला फोर्ड 8एन हा पेट्रोलवरचा ट्रॅक्टर सहा व्होल्टचा, तोही पॉझिटिव्ह अर्थचा. म्हणजे सांगाड्याला जोडलेलं टोक पॉझिटिव्ह, आपल्या सवयीच्या बरोबर उलटं. तिथले हौशी शेतकरी आजही रविवारी बसून त्यांचे बारा करतात. आपल्याकडे साठच्या दशकापासून कारखान्यांतून निघाले ते डिझेल ट्रॅक्टर. डिझेल इंजिन फिरवायला स्टार्टरला जोर लागतो, त्यामुळे ते बहुतेक जन्मतःच बारा व्होल्टचे.

त्यांचं दुखणं दुसरं आहे, डायनामो. तो इंजिन सावकाश फिरत असताना जवळजवळ काहीच भरत नाही. चिखलणी करून संध्याकाळी ट्रॉली जोडून, थांबत थांबत घरी यायचं, वर दिवे लावायचे, आणि सकाळी बॅटरी ‘टक्’ एवढंच बोलते. मग धक्का मारायला चार माणसं. इथला इलाज व्होल्ट वाढवायचा नाही. डायनामो आणि कटआऊट काढून अल्टरनेटर बसवायचा. जुना डायनामो दहा-वीस अँपिअरचा, तर अल्टरनेटर तीस-पस्तीसचा, आणि तो कमी फेऱ्यांवरही भरतो. तीन गोष्टी मात्र मेकॅनिकला आवर्जून विचारा. डॅशबोर्डवरचा जुना अँपिअर मीटर एवढा प्रवाह झेलेल का? चार्जिंगचा लाल दिवा जोडणार का? तो नुसता दाखवायला नसतो, बऱ्याच अल्टरनेटरना जागं व्हायला लागणारा पहिला प्रवाह त्यातूनच मिळतो. आणि अर्थ निगेटिव्हच आहे ना? ब्रिटिश वळणाच्या जुन्या गाड्यांत कधी कधी पॉझिटिव्ह निघतो. तसं असताना अल्टरनेटर उलटा जोडला, तर त्यातले डायोड क्षणात जातात.

ट्रॅक्टरच्या दिव्यांचा विषय फक्त मालकाचा नाही. वडखळ-कोलाड पट्ट्यात हायवेवरून रात्री स्कूटरवर येताना पुढे अंधारात ट्रॉली असेल, तर ती दिसण्याचं एकच साधन तिच्या मागे असतं, लाल दिवा. तो ट्रॉलीवर नसेलच किंवा प्लग गंजून बंद असेल, तर समोरच्या इंजिनाला नवा अल्टरनेटर बसवून मागून येणाऱ्याला काय कळणार? अल्टरनेटरच्या खर्चात ट्रॉलीची वायर, प्लग आणि रिफ्लेक्टर धरूनच हिशोब मांडा.

कागदपत्रांचं बोलू. आरसीवर व्होल्टचा रकाना नसतो. पण खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं आणि त्या तपासणीत दिवे चालू दिसावे लागतात. दुसरीकडे 2021च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी-चारचाकींना ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी मिळू शकते. अट अशी, की गाडी मूळ रूपात हवी आणि ती रोजच्या वापराला काढता येत नाही. चेतक आकुर्डीत बनायला लागली 1972मध्ये, म्हणजे पहिल्या पिढीच्या चेतकने पन्नाशी ओलांडली. तुमच्या पडवीतली गाडी त्यातली असेल तर आधी घरात बसून ठरवा, की हिच्यावरून रोज रोह्याला क्लासला जायचंय, की हिला आहे तशी जपायचीय? रोज भिसे खिंडीतून अंधारात यायचं असेल, तर माझं मत बारा व्होल्टच्या बाजूने. समोरून पांढऱ्याफटक एलईडीवाल्या गाड्या येत असताना काजव्यावर खिंड उतरणं हे धाडस नाही. गाडी वर्षातून दोनदा, दिवसाउजेडी निघणार असेल तर सहाच राहू द्या, जोड घासा आणि सहाचे बल्ब मिळतील तिथून चार घेऊन ठेवा.

(चेतक नावाची नवी स्कूटर 2020मध्ये विजेवर रस्त्यावर आली ती 48 व्होल्टची बॅटरी घेऊन. आजोबांचे सहा, नातीचे अठ्ठेचाळीस.)

बारा केलेच, तर काढलेला एकही भाग भंगारात देऊ नका. कॉइलची प्लेट, जुना हॉर्न, सहाचा फ्लॅशर, सगळं तेलाचा हात लावून एका डब्यात ठेवा, वर गाडीचा नंबर आणि तारीख लिहा. कुठल्या रंगाची वायर कुठून कुठे गेली, ते वहीच्या पानावर काढा, प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला आणि डिकीत ठेवा. डिकीत आजोबांचा प्लगचा पाना असेलच. तो काढू नका, प्लगला अजूनही तोच बसतो.